बिनपरवान्याचा आवाज

मी एक जुना हॅम रेडिओ आहे. गाणी लावणारा रेडिओ नव्हे, मित्रांनो. माझ्यातून ऐकताही येतं आणि बोलताही येतं. हौशी माणसं परीक्षा देतात, सरकारकडून परवाना आणि त्याबरोबर अक्षरं-आकड्यांचं एक सांकेतिक नाव मिळवतात, मग माझ्यासारख्याच्या जिवावर दूरदूरच्या लोकांशी गप्पा मारतात. माझ्या वाट्याला मात्र पुढे निम्मंच काम आलं. बारा वर्षं मी नुसते कान होऊन राहिलो. तोंड होतं, पण ते खणात होतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पेटीत घालण्याआधी तपासनिसाने माझ्यातून चार शब्द बोलून पाहिले आणि कागदावर शेरा लिहिला, 'आवाज स्वच्छ'. त्या शेऱ्याचा मला फार अभिमान वाटायचा. मूर्ख होतो मी.

तिथून मी मिशिगनच्या अगदी उत्तरेला, मोठ्या सरोवराकाठच्या बर्फाळ मुलखात आलो. माझे पहिले मालक डेल्बर्टराव. पाच वर्षं त्यांनी माझ्यातून भरपूर बोलून घेतलं, मग त्यांना माझ्याहून थोरला रेडिओ मिळाला आणि मी चर्चच्या तळघरात, जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या टेबलावर, वॉफल भाजायच्या एका साच्याशेजारी जाऊन बसलो. तिथे लेंपीबाईंनी मला पाहिलं.

लेंपीबाई म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढणारी बाई. नवरा रेनो आदल्याच वर्षी गेला होता. घरात चमचा पडला तरी दचकायला व्हायचं, इतकी शांतता. त्यांना माणसांचे आवाज हवे होते.

"ऐकायला परवाना लागत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकायला कोण विचारतंय? दिवसभर ऐक," टेबलामागे बसलेले डेल्बर्टराव म्हणाले. "पण या माइकचं बटण दाबलंस तर सरकार दारात उभं राहील, लेंपी. आधीच सांगून ठेवतो."

"मग माइक काढूनच घे की."

"असू दे गं. उद्या विकायला काढशील तेव्हा जोडी पूर्ण हवी."

घरी येताच बाईंनी माझा माइक रेनोच्या लोकरी मोज्यात गुंडाळला आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिला.

रोज सकाळी आठ वाजता त्या भागातले हौशी लोक हवेत, म्हणजे रेडिओलहरींवर, एका ठरलेल्या जागी जमायचे. डेल्बर्टराव हजेरी घ्यायचे. ज्याचं सांकेतिक नाव पुकारलं जाईल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. किती इंच बर्फ पडला, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची गाडी सुरू झाली नाही, हेच बोलणं. लेंपीबाई कॉफी आणि निसू नावाचा वेलदोड्याचा गोड पाव घेऊन माझ्यापुढे बसायच्या आणि प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. रिकाम्या स्वयंपाकघरात.

त्यांचा लाडका होता अर्विद. जंगलात झाडं तोडण्यात उभं आयुष्य गेलेला, बिनलग्नाचा, मुस्ती नावाच्या कुत्र्याबरोबर एकटा राहणारा म्हातारा. तो म्हणायचा, "आज मुस्तीने दारातून बाहेर पाहिलं आणि परत झोपला." बाई हसून म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा शहाणा आहे रे तो." त्यातला एक शब्दही मी पोचवला नाही. पोचवता आला असता. मला राग यायचा. पण रेडिओच्या रागाला कोण विचारतो?

बाईंच्या बहिणीने एकदा सुचवलं, परीक्षा देऊन टाक. बाई म्हणाल्या, "आठवीत शाळा सुटली माझी. त्यात ते तारायंत्राचं कट्ट-कडकट्ट शिकायचं. म्हातारपणी नापास व्हायला कोण जातंय?" आणि खण बंदच राहिला.

मग फेब्रुवारीतली ती सकाळ आली. अर्विदचं नाव पुकारलं गेलं. त्याला बोलायला वेळ लागला, आणि बोलला तेव्हा शब्द तोंडात लापशी भरल्यासारखे आले. "मुस्ती... मुस्तीला... चूल..." असं काहीतरी.

"अर्विद, कवळी घालायला विसरलास काय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अर्विदही हसल्यासारखा झाला आणि गप्प झाला. डेल्बर्टराव म्हणाले, "गेला वाटतं चुलीत लाकडं घालायला." त्यांनी पुढचं नाव घेतलं.

लेंपीबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. रेनो गेला त्या सकाळी त्याचे शब्द हुबेहूब असेच आले होते, आणि त्यांनी ते थट्टेवारी नेलं होतं.

त्यांनी आधी पोलिसांना फोन केला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला. बाईंना अर्विदचा कुठला गुडघा दुखतो ते ठाऊक होतं, त्याला मुळ्याची ॲलर्जी आहे हे ठाऊक होतं. आडनाव मात्र ठाऊक नव्हतं. हवेत आडनाव कुणी घेतच नाही. त्यांनी त्याचं सांकेतिक नाव सांगितलं. "यावरून घर कसं शोधायचं बाई? बघतो, विचारतो कुणाला," तो म्हणाला.

पत्ता माहीत होता तो त्या सकाळी आठच्या मंडळींना, आणि डेल्बर्टरावांचा फोन नुसताच वाजत राहिला. बाईंनी खण उघडला. मोजा काढला. माइक तिसऱ्यांदा कुठे जागेवर बसला. बारा वर्षांनी माझ्या बोलण्याच्या भागात ऊब आली, आणि त्यांनी बटण दाबलं.

"माफ करा हं, मध्येच बोलते. मी लेंपी. अर्विदला बरं नाहीये. त्याच्याकडे कुणीतरी जा."

आवाज स्वच्छ गेला. माझी शपथ घेऊन सांगतो.

मग कुणीतरी म्हणालं, "कुणी बाई आहे. सांकेतिक नाव नाही दिलं."

आता त्यांची रीत ऐका. बिननावाचा कुणी मध्ये घुसला तर त्याला उत्तर द्यायचं नाही. भांडायचं नाही, हाकलायचंही नाही. तो नाहीच असं समजून पुढे बोलत राहायचं, म्हणजे खोडसाळ माणूस कंटाळून निघून जातो. डेल्बर्टराव शांतपणे म्हणाले, "कुणी उत्तर देऊ नका. पुढचं नाव."

बाई चार वेळा बोलल्या. "डेल्बर्ट, अरे मी लेंपी. हा रेडिओ तूच विकलास मला." तिकडे कुणाच्या तरी गाडीची बॅटरी बसली होती, त्यावर चर्चा चालली. पाचव्या वेळी त्यांनी बटण नुसतं दाबून धरलं. मी त्यांचं रडणं तेवढं पाठवलं.

दुपारी चारला बर्फ काढणारा गाडीवाला अर्विदच्या घरावरून गेला. धुराड्यातून धूर नाही आणि कुत्रा भुंकतोय, म्हणून तो आत डोकावला. डॉक्टर म्हणाले, दुपारी बाराच्या सुमाराला प्राण गेला असावा.

दफनानंतर डेल्बर्टराव बाईंकडे आले. टोपी हातात घेऊन, माझ्यासमोरच बसले.

"तू 'आणीबाणी' हा शब्द वापरायला हवा होतास, लेंपी," ते म्हणाले. "जिवाचा प्रश्न असला की परवाना लागतच नाही. नियमाच्या पुस्तकातच आहे ते."

"हे तू मला त्या विक्रीच्या टेबलापाशी नाही सांगितलंस."

"मला कुठे ठाऊक होतं गं असं होईल? तू आहेस हे कळलं असतं तर..."

"नाव सांगितलं होतं मी."

डेल्बर्टरावांनी कॉफी ढवळली. साखर घातलेलीच नव्हती. मग म्हणाले, "परीक्षा दे. आम्ही शिकवू तुला." वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

"आता कुणाशी बोलायला?" बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर बाईंनी माझी वायर काढली. तेव्हापासून मी तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे आहे. सकाळचे आठ वाजतात ते मला वरच्या पावलांवरून कळतं. त्या त्याच वेळी स्वयंपाकघरात येतात, खुर्ची ओढतात आणि बसून राहतात.

मित्रांनो, मला पुसा, जपा, कपाटात मांडा, असं काही मी मागत नाही. मागतो ते एवढंच. तुम्ही चार ओळखीचे लोक बोलत बसला असाल आणि कुणी अनोळखी, न विचारता, चुकीच्या रीतीने मध्येच बोललं, तर आधी तो काय म्हणतोय ते ऐका. हाकलायचं असेल तर नंतरही हाकलता येतं. अर्विदपाशी फक्त बारापर्यंत वेळ होता.