आम्ही परत येऊ तेव्हा

एका शब्दाच्या बाबतीत आत्याचे कान फार तिखट होते. तो शब्द म्हणजे ‘आम्ही’. "आम्ही जरा बाहेर जाऊन येतो हं," असं वहिनी म्हणाली की आत्याने समजायचं, कुकर आपल्याला लावायचा आहे. "आम्ही लग्नाला चाललोय," म्हणजे घराला कुलूप लावायची गरज नाही, आत्या आहेच. भाऊ-वहिनी वाईट होते असं नाही, उगाच कशाला कुणाला नावं ठेवा. पण त्या घरात ‘आपण’ हा शब्द फक्त पंखे पुसायच्या दिवशी निघायचा.

तर अशी ही आत्या. पन्नाशीला टेकलेली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधणारी. एके दिवशी तिच्या मनाने घेतलं आणि ती एकटीच परदेश फिरायला निघाली. भाऊ म्हणाला, आमच्यात असं कुणी करत नाही. आत्या "बरं" म्हणाली आणि बॅगेच्या मुठीला जुन्या साडीचा हिरवा काठ बांधत बसली, म्हणजे विमानतळावर बॅग चटकन ओळखू यावी.

पहिले काही दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगा. एका म्हातारीने आपल्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने दिल्या होत्या, तिथे आत्या उतरली होती. म्हातारीची भाषा हिला येईना, हिची तिला. फोनवर भाषांतर करून दाखवायला जावं तर म्हातारी फोन बघूनच हात झटकायची. बाहेर खायला जायचं, कशावर तरी बोट ठेवायचं आणि पुढ्यात येईल ते गिळायचं. एका दुपारी मागच्या खोलीतलं कपडे धुवायचं यंत्र काही केल्या सुरू होईना, तेव्हा आत्याने त्याला शुद्ध मराठीत झापलं.

"दार नीट लागलं नाहीये त्याचं," मागून कुणीतरी म्हणालं. तेही मराठीत.

डोक्यावर काळा गॉगल सरकवलेली, चाळिशीतली बाई दारात उभी होती. खिडकीतून आवाज ऐकला आणि राहवलं नाही म्हणून आत आले, म्हणाली. घरी काय म्हणतात तुम्हाला, असं तिने विचारलं आणि तीही आत्याच म्हणायला लागली. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आता एकटं नाही वाटायचं. आपण दोघी आहोत."

आपण! आत्या विरघळलीच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिला कळलं नाही. गॉगलवालीने तिला होडीत बसवलं, मनोऱ्यावर चढवलं. आत्याला उंचीची भीती वाटते असं भावाने गावभर सांगून ठेवलं होतं. वर गेल्यावर लक्षात आलं की भीती भावाला वाटते. बिनसाखरेची कडू कॉफी आपल्याला आवडते, हेही तिला तिथेच कळलं. आपण इतक्या मोठ्यांदा हसतो की शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात, हेही कळलं. ही बाई इतकी वर्षं कुठे दडी मारून बसली होती, असं तिला स्वतःबद्दलच वाटायला लागलं. त्याचं सगळं श्रेय तिने गॉगलवालीला देऊन टाकलं.

गॉगलवाली विचारायची फार. घरून फोन कोण करतं? रोज येतो का? नाही आला तर?

"आठवडाभर नाही केला तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही," आत्या हसत म्हणाली.

गॉगलवाली हसली नाही. माप घेऊन झाल्यावर शिंपी मान हलवतो, तशी तिने हलवली. मग म्हणाली, तुमच्या पर्सची चेन तुटकी आहे, पासपोर्ट माझ्याकडे राहू द्या. आत्याने दिला. मैत्रिणीवर संशय कसला घ्यायचा?

म्हातारीला मात्र ही मैत्री रुचत नव्हती. गॉगलवाली दिसली की ती खिडकी लावून घ्यायची. एक दिवस तिने आत्याचा हात धरून तिला जिन्याखाली नेलं. तिथे धूळ खात एक बॅग पडली होती, आणि तिच्या मुठीला साडीचा जांभळा काठ बांधलेला होता. म्हातारीने बॅगेकडे बोट दाखवलं, आत्याकडे दाखवलं. मग दोन बोटं चालवत दाराबाहेर नेली आणि रिकामा तळवा पुढे धरला. इथे सामान टाकून जाऊ नका असं म्हणत असेल, असं आत्याला वाटलं. आपल्यासारखीच कुणीतरी काठ बांधणारी, म्हणून तिला उलट गंमतच वाटली. गॉगलवालीला सांगितल्यावर तिने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला आणि ती म्हणाली, "या वेळी बॅग बरोबरच घेऊ. आपण दोन दिवस तळ्याकाठी राहायला जाऊ."

या वेळी म्हणजे काय, हे आत्याने विचारलं नाही. पण तो शब्द तिच्या मनात खड्यासारखा राहिला.

सकाळी गाडी आली. चालवायला गॉगलवालीचा भाऊ होता. त्याने आत्याकडे बघितलंही नाही; बॅग मागे टाकून पुन्हा जागेवर जाऊन बसला. आत्या मागच्या सीटवर बसली, शेजारी गॉगलवाली. आत्याच्या बाजूचं दार अजून उघडंच होतं, कारण हातात खोलीची किल्ली राहिली होती. म्हातारीला देऊन येते, असं आत्या म्हणाली.

"राहू दे हो, माझ्याकडे द्या. परवा आम्ही परत येऊ तेव्हा देऊन टाकू."

आम्ही.

तोच स्वर, तीच सहजता. कुकर लावायला सांगतानाची. फक्त या वेळी तिला मागे कुठे ठेवणार होते, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आम्ही म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे आपण सगळे. काय हो आत्या, शब्दात पकडता." गॉगलवाली हसली, पण जरा उशिरा. आरशात तिच्या भावाचे डोळे पहिल्यांदाच आत्याकडे वळले. गाडी सुरू झाली.

आत्याच्या डोळ्यांसमोर तो जांभळा काठ आला. आणि आजवर कधी न वापरलेलं वाक्य तिच्या तोंडून निघालं.

"मी नाही येत."

गॉगलवालीने तिचा दंड पकडला. पण दंड पकडणं हा आत्याचा रोजचा धंदा. तिने उलट तिचंच मनगट धरून असं पिरगाळलं की ती कळवळली, आणि दुसऱ्या हाताने तिच्या पर्समधून पासपोर्ट ओढून काढला. गाडी हलली होती तरी उतरली. गुडघा फुटला. म्हातारी खराटा घेऊन रस्त्यात आली होती. तिला वळसा घालून गाडी भरधाव निघून गेली, हिरव्या काठाच्या बॅगेसकट.

म्हातारीने तिला आत नेऊन गुडघा धुतला. चौकीवर गणवेशातल्या माणसाने फोनवरचं भाषांतर वाचलं, बरोबर येऊन जिन्याखालच्या जांभळ्या काठाच्या बॅगेचा फोटो काढला आणि मान खाली घातली. घरी फोन केला तर भाऊ म्हणाला, आम्ही तुला सांगत होतो.

"हो," आत्या म्हणाली. "मी अजून फिरणार आहे."

जिन्याखाली जाऊन ती त्या बॅगेपाशी बसली. काठाची गाठ नीट, दुहेरी मारलेली होती. घरून निघताना कुणीतरी शेजारी बसून मारून दिली असावी. त्या बॅगवालीलाही गॉगलवालीने असंच ‘आम्ही’ म्हटलं असेल, आणि तिला ते ऐकू आलं नसेल. कसं येणार? तिच्या घरी सगळे तिला धरून ‘आपण’च म्हणत असतील.