मी शोधलेला पांढरा डाग

मी एक जुनी विजेरी आहे. झांबियातल्या मोंझे गावच्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं राबले. मग नवा दिवा आला आणि माझी रवानगी खणात झाली. पण मित्रांनो, आजची बातमी सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही!

सिस्टर मुटिंटा बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावत आणि मी उजेड पाडत असे. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसू लागे. तो वेळीच तापलेल्या उपकरणाने शेकून टाकला, तर पुढचा कॅन्सर बहुधा टळतो.

गेल्या वर्षी चोबेची आई एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आली. रक्तात विषाणू दिसत नाही असं कळताच ती रांगेतच नाचू लागली. सिस्टर म्हणाल्या, "चोबेच्या आई, आता आतली तपासणीही करून घ्या."

"आता कशाला? विषाणू दिसत नाही, तुम्हीच म्हणालात ना!"

"एचआयव्हीला गोळ्यांनी दाबलंय हो. पण त्याने अंगातली ताकद खाल्ली की दुसऱ्याच एका विषाणूचं फावतं. त्यातून हा कॅन्सर होतो. एचआयव्ही नसलेल्या बाईपेक्षा तुम्हाला धोका सहापट आहे."

"पण मी एकच चितेंगे गुंडाळून आलेय. खाली काय अंथरू?"

तपासणीला प्रत्येकीने अंथरायला आपलं चितेंगे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, आणायचं, अशी इथली रीत. तिला वाटलं, सुटले बाई! तेवढ्यात रांगेतल्या एका म्हातारीने कमरेचं वरचं चितेंगे सोडून तिच्या अंगावर फेकलं.

"हे घे आणि नीघ आत! सबबी बघा हिच्या!"

सगळ्या जणी खो-खो हसल्या.

मी उजेड टाकला, आणि समोर पांढरा डाग! सिस्टरनी तिला तसं सांगितलं.

"कॅन्सर झाला का हो? माझी चोबे पाचच वर्षांची आहे."

"झालेला दिसत नाही. होऊ नये म्हणून आत्ताच शेकते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी लगेच उपचार केला.

आज तिची वर्षाची तपासणी होती आणि नेमकी वीज गेली. सिस्टरनी मला खणातून ओढून काढलं, नवे सेल घातले. व्हिनेगर लावलं. एक मिनिट! मी सगळा जोर लावून पाहिलं. डाग नव्हता!

"स्वच्छ!" सिस्टर ओरडल्याच. चोबेची आई आधी हसली, मग ढसाढसा रडली. मला तर काय करू नि काय नको असं झालं!

मित्रांनो, मला खणात गंज चढला तरी चालेल. पण घरी गेल्यावर आईला विचारा, "तू तपासणी करून घेतलीस का?" तिने सबब सांगितली, तर मुळीच ऐकू नका.