सेरीनचा आवाज

मसांबाला समुद्राची भीती नव्हती. भीती होती ती दुसऱ्यांची पोरं होडीत घालून त्यांना घेऊन जायची. डाकारच्या दक्षिणेला, म्बूरच्या किनाऱ्यावर त्याच्या तोडीचा तांडेल नव्हता, आणि ते दलालांना पक्कं ठाऊक होतं. स्पेनच्या कॅनरी बेटांकडे माणसं नेणारी होडी ठरली की ते त्याच्या अंगणात येऊन बसायचे. मसांबा त्यांना चहा पाजायचा, पहिल्या कडू पेल्यापासून शेवटच्या गोड पेल्यापर्यंत सगळं यथासांग, आणि शेवटी नाही म्हणून उठायचा. त्याचा धाकटा भाऊ त्याच वाटेवर गेला होता. त्याची कबरसुद्धा नव्हती.

मग एका गुरुवारी सेरीन याखूबांचा आवाज आला.

सेरीन म्हणजे त्या वस्तीचे पीर, गुरू, सगळं काही. जन्मलेल्या पोराचं नाव त्यांच्याकडूनच यायचं, नवीन होडी पाण्यात लोटायची ती त्यांची दुआ घेऊनच. ते राहायचे आत, भुईमुगाच्या शेतांपलीकडच्या त्यांच्या गावी. गेल्या सुगीपासून ते एकांतात बसले होते, कोणाला भेटत नव्हते. पण दर शुक्रवारी त्यांच्या आवाजातला निरोप सगळ्यांच्या फोनवर यायचा आणि लोकांचं समाधान व्हायचं. खरं तर पूर्वीपेक्षा जास्तच. पूर्वी वर्षातून एकदा लांबून दिसणारे सेरीन आता प्रत्येकाच्या कानाशी बोलत होते.

वस्तीतल्या बायकांच्या प्रार्थना मंडळाचा ग्रुप मसांबाची बायको आरामे सांभाळायची. त्या गुरुवारी ती भट्टीवर मासे पसरत होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. फोन वाजला तसा तिनं कोपरानंच दाबून लावला.

"मसांबा, माझ्या लेका," सेरीन म्हणत होते. तोच घोगरा आवाज, वाक्य संपलं की श्वास घेऊन थांबायची तीच सवय. "ही पोरं माझी आहेत. त्यांना पलीकडे पोचव. समुद्र माझ्या मुठीत आहे. तुझ्या होडीला ओरखडा उठणार नाही."

भट्टीवरच्या बायका कामं टाकून तिच्याभोवती जमल्या. एकीनं तिचे हात आपल्या कपाळाला लावले. सेरीननी नवऱ्याचं नाव घेतलं म्हणजे केवढं भाग्य. आरामेनं तो आवाज पुढे सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

मसांबा घरी आला तेव्हा त्याला कळलेलं होतं. तो कपडे पिशवीत भरायला लागला.

"इतकी वर्षं नाही म्हणत होतास," ती म्हणाली.

"दलालांना नाही म्हणत होतो. सेरीनना नाही म्हणायला मी कोण?"

"आणि तुझा भाऊ?"

"त्याला कोणाचा आदेश नव्हता. तो आपल्या मर्जीनं गेला." मसांबा थांबला. "आरामे, मला जायचं नाहीये. पण आता मी गेलो नाही तर या वस्तीत तोंड कुठं दाखवू?"

होडी शुक्रवारी सूर्यास्ताला सुटणार होती. जुम्याच्या नमाजानंतर मसांबा किनाऱ्यावर गेला. तिथं गेल्या गेल्या दलालांनी होडीत बसणाऱ्या सगळ्यांचे फोन काढून घेतले. बातमी फुटायला नको आणि पोलिस यायला नकोत. आरामेनं दोनदा फोन लावला, बंद. ती घरात येरझारा घालत राहिली, मग एकदम भाजक्या माशांची टोपली डोक्यावर घेऊन गाड्यांच्या अड्ड्यावर गेली. सेरीनच्या तोंडून एकदा ऐकायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ते समोर बसून जा म्हणाले असते तर तिनं मुकाट्यानं नवऱ्याला निरोप दिला असता.

सेरीनच्या वाड्याच्या फाटकावर दियोप आडनावाचा म्हातारा बसलेला असे.

"कोणाची गं तू?" त्यानं विचारलं.

"न्दियायांची."

"अरे देवा, न्दियाय. आमचे गुलाम. टोपलीत मासे आणलेस ते वाटेत खाल्ले नाहीस, हेच आश्चर्य."

"दियोपांच्या दारात यायचं म्हणून आणले. तुमच्याकडे भाताशिवाय काही मिळत नाही, आणि तोही तुम्हीच संपवता." एरवी दियोप-न्दियाय या आडनावांच्या पिढीजात चेष्टेत अर्धी दुपार गेली असती. आज तिला हसूही येईना. "काका, मला सेरीनना भेटू दे. एक शब्द विचारायचाय."

दियोपचा चेहरा बदलला. "ते एकांतात आहेत. विचारायचं ते फोनवर पाठव. धाकटे मालक उत्तर आणून देतात."

"फोनवर नाही विचारायचं."

"मग घरी जा, पोरी."

ती गेली नाही. कुंपणाला वळसा घालून मागच्या दारानं बायकांच्या अंगणात शिरली. सेरीनच्या थोरल्या पत्नी, सोख्ना न्दुंबे, बाजरी पाखडत होत्या. आरामेनं टोपली खाली ठेवली आणि काही न बोलता फोन त्यांच्यासमोर धरून आवाज लावला.

सोख्नांनी शेवटपर्यंत ऐकलं. सूप बाजूला ठेवलं.

"होडी कधी सुटणार?"

"आज. सूर्य बुडताना."

सोख्ना उठल्या, तिचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

सेरीन चटईवर उशांना टेकून बसले होते. अर्धा चेहरा खाली ओघळलेला. उजवा हात मांडीवर पडला होता, कोणीतरी तिथं ठेवून विसरल्यासारखा. आरामे गुडघ्यांवर बसली आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे पूर्वीचेच होते. त्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसती घरघर आली.

"सुगीपासून असंच आहे," सोख्ना म्हणाल्या. "एक शब्द नाही."

आरामेनं हातातला फोन चटईवर ठेवला. सुगीपासूनचे सगळे शुक्रवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले.

एवढ्यात सेरीनचा मुलगा इद्रिसा आत आला. डाकारला शिकून आलेला, हळू बोलणारा माणूस. आरामेला पाहून तो दारातच थबकला.

"हिला कोणी आत घेतलं?"

"मी," सोख्ना म्हणाल्या. "मसांबाला होडी न्यायला तू सांगितलंस?"

"नाही." तो लगेच म्हणाला. "अल्लाची शपथ, आई. शुक्रवारचं मी करतो. बाबांची जुनी प्रवचनं कॉम्प्युटरला दिली की मी लिहीन ते त्यांच्या आवाजात निघतं. पण दुआ, धीर, भांडणं मिटवा, नमाज चुकवू नका, एवढंच. ते उठून बसेपर्यंत लोक विखुरले जाऊ नयेत म्हणून. हे होडीचं मी कालच ऐकलं. प्रवचनं तर सगळीकडे पडलेली आहेत. कोणीही असं करू शकतं."

"काल ऐकलंस," आरामे म्हणाली, "आणि गप्प बसलास?"

"काय सांगू? हा आवाज खोटा आहे म्हणालो तर पहिला प्रश्न कोणता येईल?"

 अंगणात कोंबड्या बाजरीवर तुटून पडल्याचा आवाज येत होता.

सेरीननी डाव्या हातानं चटई थोपटली. त्यांना फोन हवा होता. आरामेनं तो परत लावला. म्हाताऱ्यानं स्वतःचा धडधाकट आवाज मान खाली घालून ऐकला. 'समुद्र माझ्या मुठीत आहे' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी डाव्या हातानं इद्रिसाचा खांदा पकडला आणि उठायचा प्रयत्न केला. पडले. पुन्हा पकडला.

"बाबा, लोक तुम्हाला असं बघतील," इद्रिसा म्हणाला.

म्हाताऱ्यानं खांदा सोडला नाही.

इद्रिसानं गाडी किनाऱ्याकडे काढली. फाट्यावर बैलगाड्या आडव्या आल्या, पुढं बाजाराची गर्दी लागली. इद्रिसा हॉर्नवर हात ठेवून बसला होता. काचेवर ऊन तिरपं पडायला लागलं होतं आणि आरामे त्या उन्हाकडेच पाहत होती. मध्येच सेरीनच्या तोंडातून लाळ गळली. सोख्नांनी ती ओढणीच्या टोकानं पुसली.

ते पोचले तेव्हा होडी पाण्यात होती. पोरं कमरेएवढ्या पाण्यातून चढत होती. निरोप द्यायला आलेल्या बायका वाळूवर उभ्या होत्या. गाडीचं दार उघडलं, कोणीतरी सेरीनना ओळखलं, आणि किनारा गुडघ्यांवर बसला.

"बघा," एक दलाल ओरडून सांगू लागला, "सेरीन स्वतः निरोप द्यायला आले. आता तरी कोणाच्या मनात शंका आहे?"

वाळूवरच्या सगळ्यांचे फोन वर झाले. आमेन, आमेन असा गजर उठला. एका बाजूनं इद्रिसा, दुसऱ्या बाजूनं आरामे, असे ते दोघं म्हाताऱ्याला पाण्यात घेऊन गेले. लाट आली की त्यांचा झगा फुगायचा. होडीच्या पुढच्या टोकाला बांधलेला दोर त्यांनी डाव्या हातात गच्च धरला.

मसांबा होडीतून उतरला. पाण्यातच वाकून त्यानं सेरीनचा हात कपाळाला लावला.

"सेरीन, निघू का?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. नाही.

"घाबरू नका म्हणतायत," दलालानं अर्थ सांगितला.

मसांबा सेरीनच्या वाकड्या ओठांकडे पाहत होता. "सेरीन, एक शब्द बोला. तुमच्या तोंडचा एकच."

घरघर आली. लाटेच्या आवाजात तीही बुडाली.

"बोल," आरामे इद्रिसाला म्हणाली.

"इतक्या फोनांसमोर नको. मसांबाला बाजूला घेऊन सांगतो."

"होडीत एकटा मसांबा आहे का?"

इद्रिसानं वडिलांकडे पाहिलं. मग तो वळला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "तो आवाज माझ्या वडिलांचा नाही. सुगीपासून ते बोलू शकत नाहीत. होडीचा आदेश कोणी बनवला मला माहीत नाही. पण त्याआधीचे सगळे शुक्रवार मी बनवले. एकही त्यांचा नव्हता."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एक बाई रडायला लागली.

मसांबा हळू आवाजात म्हणाला, "माझी पोरगी तापानं फणफणली होती. मी निरोप पाठवला. सेरीननी तिचं नाव घेऊन दुआ पाठवली. आम्ही ती तिच्या उशाशी लावून ठेवली. पहाटे ताप उतरला."

"ती पण मीच," इद्रिसा म्हणाला.

मसांबानं हात उगारला. इद्रिसा जागचा हलला नाही. हात तसाच खाली आला. मसांबानं होडीत वाकून आपली पिशवी काढली, खांद्याला लावली आणि पाण्यातून बाहेर चालायला लागला. त्याच्यामागे काही पोरं उतरली.

पण सगळी नाही. वस्तीतल्या किनेमावशीचा मुलगा अलासान होडीच्या कडेवर उभा होता. "मी सेरीनचा आवाज दर शुक्रवारी ऐकतो," तो म्हणाला. "ते असे नाहीत. हा कोण आजारी म्हातारा आणलाय तुम्ही? इद्रिसाला सरकारनं फोडलंय."

"बरोबर," दलाल म्हणाला. "सुकाणू धरायला कोण येतो?"

एक जण पुढं आला. खाडीच्या तोंडापलीकडं कधी न गेलेला. मसांबा वाळूवरून परत पाण्यात धावला, अलासानचा पाय धरला, शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. अलासाननं पाय झटकून सोडवून घेतला. सेरीन दोर सोडत नव्हते. त्यांच्या बोटांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून होडीतल्या कोणीतरी सुरीनं दोर कापला. तुटलेलं टोक म्हाताऱ्याच्या मुठीत राहिलं आणि होडी इंजिन लावून निघून गेली.

त्या संध्याकाळचं चित्रण गावोगाव फिरलं. लोकांनी ते बारकाईनं पाहिलं आणि बऱ्याच जणांनी ठरवलं की ते खोटं आहे, यंत्रावर बनवलेलं आहे. सेरीनचे ओठ तर हलतच नाहीत. इद्रिसानं आपलं कॉम्प्युटरचं सामान अंगणात आणून फोडलं. त्यानं फरक पडला नाही. पुढच्याच शुक्रवारी सेरीनचा आवाज कुठल्याशा नव्या नंबरावरून आला, आणि आधीपेक्षा जास्त लोकांनी ऐकला.

मसांबानं बरेच दिवस नमाजाची चटई उलगडली नाही.  आरामे आता शुक्रवारी गाडीनं सेरीनच्या गावी जाते. थोड्याच बायका येतात. त्या जपमाळ ओढत म्हाताऱ्याच्या समोर बसतात, ते बघत असतात, आणि ऊन उतरलं की सगळ्या परत येतात.

होडीची बातमी काही आली नाही. कॅनरीकडून नाही, वाटेतल्या मॉरिटानियाकडून नाही.

एके दिवशी किनेमावशी भट्टीवर आली. आरामे मासे उलटत होती. मावशीनं फोन पुढं केला.

"ऐक."

"तुमची लेकरं सुखरूप पोचली आहेत," सेरीनचा घोगरा आवाज म्हणाला, आणि श्वास घेऊन थांबला. "अलासान कामाला लागला आहे. आईनं रडू नये."

आरामेनं चिमटा खाली ठेवला. धुरातून तिला मावशीचा चेहरा नीट दिसेना.

"मावशी, हे सेरीन नाहीत."

"माहीत आहे गं मला," किनेमावशी म्हणाली. "मी पण तिथंच होते ना किनाऱ्यावर." तिनं फोन ओढणीच्या टोकात गुंडाळला आणि गाठ मारली. "पण दुसरं कोण मला काही सांगतंय?"

आरामेनं तिला बसायला ओटा पुसून दिला. मावशी बसली, आणि थोड्या वेळानं न सांगताच मासे उलटायला लागली.