पोलाकीचे नवे शॉकअप

सकाळी साडेनऊला गावच्या दवाखान्यातली नर्स सायकलवरून निरोप घेऊन आली. शहरातल्या प्रसूती रुग्णालयात यामिल्कासाठी खाट रिकामी झाली होती, पण दिवस मावळायच्या आत पोचायला हवं, नाहीतर खाट दुसरीला जाणार. अँब्युलन्सचं काही विचारू नका, डिझेल नाही, ती आठ दिवस जागची हललेली नाही. आणि डॉक्टरीणबाईंनी परत परत सांगितलंय, पोरीला धक्का बसता कामा नये.

हे ऐकून निवाल्दोला हसावं की रडावं कळेना. अरोयो ब्लांको गावाहून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत वीस किलोमीटर, आणि त्यात रस्ता कमी नि खड्डे जास्त. त्या रस्त्यानं अंडी नेणारासुद्धा टोपली मांडीवर घेऊन बसतो. तिथून सात महिन्यांच्या पोटुशीला न्यायचं, ते धक्का न लागता!

यामिल्का त्याची एकुलती एक लेक, आईविना वाढवलेली. तिची ही तिसरी खेप. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सहाव्यात. या खेपेला डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, आणि सगळी भिस्त त्या एका टाक्यावर होती. निवाल्दो गेले काही महिने घरात चवड्यांवर चालायचा, जसा काही त्याच्या पावलांच्या आवाजानंच तो टाका उसवेल.

"पप्पा, आज निघायचं?" यामिल्कानं आतून, खाटेवरूनच विचारलं.

"आजच. दोन वाजता. तू उठू नकोस."

दारात त्याची पोलाकी उभी होती. पोलंडहून आलेली, चाळीस वर्षांची इवलीशी गाडी. इंजिन मागे, सामान पुढे आणि माणसं मधे कोंबलेली. बेत असा होता की पुढच्या सीटची पाठ पूर्ण पाडायची आणि यामिल्काला आडवं झोपवायचं. पण मग तिचं डोकं नि कंबर बरोबर मागच्या चाकांपाशी येणार, आणि मागचे दोन्ही शॉकअप पार मेलेले. गाडीला मागून एकदा दाबून सोडलं की ती चार-पाच वेळा वाकून नमस्कार घालायची.

नवे शॉकअप मात्र घरात होते. यामिल्काचा नवरा ओस्निएल दीड वर्षापूर्वी समुद्रापलीकडे टँपाला गेला, तिथे एका गोदामात खोकी उचलतो. त्यानं ओळखीच्या एका बाईच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून, ते परवाच पाठवले होते. निवाल्दो रविवारी निवांत बसवणार होता. आता कसला रविवार आणि कसलं निवांत.

त्यानं जॅक लावला, मागची चाकं काढली, जुने शॉकअप उतरवले. दोन नट वर, दोन नट खाली. डोळे मिटूनही करता आलं असतं. हात मात्र आज उगाच घाईत होते. दोनदा पाना निसटला, बोटाची सालं निघाली.

आता इथली एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्याकडे नवा शॉकअप जन्मात कुणी पाहिलेला नसतो. जुना गेला की उतरवायचा, वरच्या अंगाला भोक पाडायचं, काळं झालेलं तेल ओतून टाकायचं, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल भरायचं, आणि रबरी वॉशर घालून भोकात स्क्रू आवळायचा. झाला शॉकअप नवा. निवाल्दोनं उसाच्या ट्रॅक्टरांच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. पंचक्रोशीत असा शॉकअप नसेल ज्याच्या अंगावर त्याच्या हातचा स्क्रू नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीचे तर सहा-सहा वेळा भरून झालेले. दांड्यांना चरे पडले होते, तेल आठवडाभर टिकत नव्हतं.

त्यानं टॉवेल सोडला. काळे, तुळतुळीत, अंगावर एक ओरखडा नाही. एकाची दांडी जमिनीवर टेकवून त्यानं सगळा भार टाकून दाबलं. शॉकअप खाली गेला. हात काढला तर तो आपला आपण हळूहळू वर यायला लागला.

चांगला शॉकअप दाबला की दाबलेला राहतो, ओढला की ओढलेला राहतो, हे तो एकतीस वर्षं पोरांना शिकवत आला होता. आपोआप वर येतो याचा अर्थ एकच, आत हवा शिरली आहे. त्यानं दुसरा दाबून पाहिला. तोही तसाच.

"ओस्निएलला टोपी घातली रे कुणीतरी," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याला जावयाची कीव आली, दुकानदाराचा राग आला, आणि घड्याळाकडे पाहिलं तर अकरा वाजून गेलेले. विचारायचं कुणाला? वीज नव्हती, आणि वीज नसली की आमच्या गावात फोनही मुका होतो. पण विचारायचं तरी काय, हवा शिरली तर काय करायचं हे निवाल्दोनं दुसऱ्याला विचारायचं? त्यानं हातानं फिरवायचं ड्रिल काढलं, शॉकअप शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरला आणि नेहमीच्या जागी टोक टेकवलं.

पत्रा फाटला आणि फुस्स करून आतून असा काही जोर आला की ड्रिल हातातून उडालं. तेलाचा फवारा तोंडावर, शर्टावर. मग आवाज बारीक होत गेला आणि थांबला. निवाल्दो तेल निथळत तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांत कुठला शॉकअप असा ओरडला नव्हता.

"काय मारलंस रे?" कुंपणापलीकडून मेल्चोरनं विचारलं. मेल्चोर शेजारी, मालवाहू जहाजांवर इंजिनात काम करून निवृत्त झालेला, बारा बंदरांचं पाणी प्यायलेला. तो आत आला, भोक बघितलं, दुसरा शॉकअप उचलून दाबला, तो वर येताना पाहिला, आणि खाली ठेवून दिला.

"निवाल्दो, हे गॅसचे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे आत गॅस दाबून भरलेला असतो. तो दांडीला वर लोटतो. दाबलं की वर येणारच, तोच चांगल्याचा गुण. हा धडधाकट होता."

निवाल्दो मटकन खाली बसला. पोरानं खोकी उचलून उचलून पैसे साठवले, समुद्रापलीकडून धाडले, आणि आपण काय केलं? शहाणपणा केला. विचारलं नाही, थांबलो नाही, फक्त शहाणपणा केला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"ऊठ," मेल्चोर म्हणाला. "रडायचं ते रात्री रड. भोक पाडलंयस तर तेल भर, स्क्रू लाव. गॅस गेला म्हणून शॉकअप मेला नाही, तुझ्या नेहमीच्या भरलेल्यासारखा चालेल."

निवाल्दोनं ते केलं. हे तरी येत होतं. भोक पाडलेला डावीकडे बसवला, गॅसचा उजवीकडे, कारण यामिल्का उजवीकडे झोपणार होती. मग परीक्षा. आमच्याकडे शॉकअपची परीक्षा पाण्याच्या पातेल्यानं होते. मेल्चोर काठोकाठ भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन मागे बसला आणि निवाल्दोनं गाडी शाळेमागच्या खड्ड्यांतून काढली.

पहिल्याच खड्ड्यात गाडी डावीकडे कलंडल्यासारखी झाली आणि उजवीकडून ताठ उसळली. दुसऱ्यात तेच. बदकासारखी डुलत डुलत पोलाकी परत दारात आली तेव्हा पातेल्यात निम्मं पाणी होतं आणि उरलेलं मेल्चोरच्या पँटीवर.

"बायकोला काय सांगू आता?" मेल्चोर पँट झटकत म्हणाला. मग त्यानं निवाल्दोचा चेहरा पाहिला आणि थट्टा सोडली. "एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपाता घालून चालल्यागत होतंय. दोन्ही सारखे हवेत, निवाल्दो."

"जुना भरून लावू?"

"जुन्यात काय राहिलंय? दुसऱ्यालाही भोक पाड."

निवाल्दो भडकला. "वेड लागलंय का तुला? तो चांगला आहे. एवढा एकच चांगला उरलाय."

"एकटा चांगला असून काय करायचाय? तोच तर गाडी उडवतोय."

मेल्चोर खरं बोलत होता, आणि तेच निवाल्दोला सोसत नव्हतं. पहिलं भोक अज्ञानानं पाडलं, त्याला माफी तरी मागता येईल. हे तर डोळ्यांदेखत, धडधडीत चांगल्या वस्तूला पाडायचं. त्यानं उजवा शॉकअप परत उतरवला, शेगड्यात धरला, ड्रिल टेकवलं आणि काढून घेतलं. परत टेकवलं. टोक जरा जास्त खोल गेलं तर आतली नळी फुटणार, मग दोन्ही हात वर. आणि हात तर लटलट कापत होते. पाऊण वाजला होता.

"पप्पा, झालं का?" आतून यामिल्काचा आवाज आला. "पोट जरा ओढल्यासारखं वाटतंय."

"झालंच बघ, पोरी. पडून राहा." मेल्चोरनं मागून येऊन त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. निवाल्दोनं ड्रिल फिरवलं. फुस्स झालं. या वेळी तो हलला नाही.

दुसऱ्या फेरीत गाडी मऊ चालली. दोन्हीकडून सारखी दबली, सारखी सावरली. पातेल्यातून ओंजळभर पाणी सांडलं असेल. मेल्चोरनं मान डोलावली, पण निवाल्दोला काही हायसं वाटलं नाही. शाळेमागचे खड्डे वेगळे आणि वीस किलोमीटर वेगळे, आणि स्क्रूतून तेल पाझरायला लागलं तर वाटेत कुणीही नव्हतं.

दोन वाजता यामिल्काला उशांच्या मधे झोपवलं. "ओस्निएलचे शॉकअप लागले वाटतं," ती गाडी हलताच म्हणाली. "किती छान चालतेय." निवाल्दो हूं म्हणाला. सांगायला हवं होतं, पण आत्ता सांगितलं तर ती घाबरेल, आणि घाबरली की पोट आवळेल. त्यानं ओठ मिटले आणि गाडी पहिल्या गियरमध्येच ठेवली.

तो एकेका खड्ड्याशी बोलत चालला होता. हा डावीकडून, हा मधून, याला नुसतं ओलांडायचं. दर दोन किलोमीटरला उतरून मागे वाकून बघायचा, स्क्रू ओले आहेत का. डावा कोरडा, उजवा कोरडा. सातव्या वेळी उजव्यावर तेलाचा एक थेंब दिसला. त्यानं तो पुसला, आवळला आणि परत येऊन बसला.

चौदाव्या किलोमीटरला यामिल्का म्हणाली, "थांबवा."

त्यानं गाडी आंब्याच्या सावलीत घेतली. ती डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून श्वास मोजत होती. निवाल्दो बाजूला उकिडवा बसला. त्याला विचारायचं होतं, पण उत्तराची भीती वाटत होती, म्हणून त्यानं विचारलंच नाही. एक बैलगाडी गेली. गाडीवानानं हात केला, निवाल्दोला उलट हात करायचंही सुचलं नाही. देवा, माझ्या हातानं नको, एवढंच तो मनात घोकत राहिला. माझ्या हातानं नको.

"लाथ मारली," यामिल्का बऱ्याच वेळानं म्हणाली. "चला."

साडेपाचला ते पोचले. खाट होती. दोघा जणांनी तिला चाकांच्या खाटेवर घेतलं, आणि निवाल्दो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला, तेलकट शर्टात. अर्ध्या तासानं त्याला आत बोलावलं. टाका शाबूत होता. पोटाला एक पट्टा बांधलेला, आणि शेजारच्या यंत्रातून धावत्या घोड्यासारखे बाळाचे ठोके ऐकू येत होते. तो खाटेच्या कडेला बसला.

शहरात फोन लागत होता. यामिल्का ओस्निएलशी बोलत होती. "पोचलो रे. आणि तुझे शॉकअप म्हणजे... पाळण्यात झोपल्यासारखं आले मी. पप्पांशी बोल."

फोन हातात आला. निवाल्दोनं ठरवलं असतं तर दोन शब्दांत भागलं असतं. छान आहेत, थँक्यू, आणि संपलं.

"ओस्निएल, मी त्यांना भोक पाडलं," तो म्हणाला. "दोघांना. मला वाटलं हवा शिरलीय. पहिला मूर्खपणानं फोडला, दुसरा नाइलाजानं. तुझे चांगले होते. मी बिघडवले."

यामिल्का उशीवरून मान उचलून बघायला लागली.

"बाबा," ओस्निएल म्हणाला, "तिथं मी नाही. मला खड्डा चुकवता येत नाही, तिचा हात धरता येत नाही. मला फक्त ते दोन पाठवता येत होते. तेवढंच माझं त्या गाडीत होतं."

"होय," निवाल्दो म्हणाला.

"हा आवाज कसला येतोय मागे?"

"ठोके. बाळाचे."

"जवळ धरा."

निवाल्दोनं फोन यंत्राशी धरला. दुसऱ्या हातानं त्यानं आपलंच मनगट घट्ट पकडलं. नर्स येऊन म्हणाली, भेटायची वेळ संपली. तो हलला नाही. ओस्निएल पुरे म्हणेपर्यंत धरायचं असं त्यानं ठरवलं होतं, आणि ओस्निएल काही पुरे म्हणत नव्हता.