जिन्यावर, कमरेच्या उंचीला

सुयोग आमचा कॅप्टन. त्याने सकाळीच तोंडावर सांगितलं, "अपूर्वा, आज हरलो ना, तर पुढच्या स्पर्धेपासून तुझ्या जागी मिहिर. तुझा हात स्लो आहे यार."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. गोळीबाराच्या त्या गेममध्ये समोर माणूस दिसल्यावर मी माऊस फिरवायला गेले की माझं विसर्जन ठरलेलं. म्हणून मी वेगळी सवय लावून घेतली होती. तो जिथून येणार तिथे आधीच निशाणा धरायचा, बरोबर डोक्याच्या उंचीला, आणि तो आला की फक्त बोट दाबायचं. पण सुयोगला या शहाणपणाचं कौतुक नव्हतं.

अंतिम सामना चारकोपच्या आमच्या नेहमीच्या गेमिंग कॅफेत, चेंबूरच्या टीमशी. दोन्ही टीमच्या मध्ये नुसती प्लायवूडची फळी. बारा-बारा झालेले, शेवटचा डाव. त्यांच्यातला एकटा नितेश उरलेला, आमच्यातले सुयोग आणि मी.

हा नितेश काल-परवापर्यंत आमचाच. चेंबूरला राहायला गेला आणि तिकडच्या टीमला मिळाला. गेममधल्या कोपऱ्यांना आम्ही आमच्या सेक्टरातली नावं दिली होती, टाकी, वडेवाला, जिना. निम्मी तर त्यानेच ठेवलेली.

तेवढ्यात नितेशने सुयोगला उडवलं. आणि आमचे कॅप्टन हेडफोनचा माईक विसरून मोठ्याने बोंबलले, "वडेवाल्याकडे आहे! वडेवाल्याकडे!"

फळीपलीकडे नितेश खुदकन हसला. माझं डोकंच फिरलं. अरे, कळलं ना त्याला! पण मग लगेच दुसरा विचार आला आणि अंगावर काटा आला. कळलंय, म्हणजे तो तिथे थांबणार नाही. वडेवाल्याकडून माझ्यापर्यंत दोनच वाटा, समोरची गल्ली नाहीतर मागचा जिना. मी गल्लीकडे डोळे लावून बसणार, असं तो धरून चालणार.

मी गल्लीकडे चक्क पाठ केली. चुकले तर संपलंच.

"ए, काय करतेस? गल्ली बघ ना!" सुयोग आता माईकमध्ये कुजबुजला.

"तू मेलायस, गप बस!" मीही माईकमध्येच पुटपुटले.

जिन्याच्या कडेला, डोक्याच्या उंचीला निशाणा धरला आणि थबकले. नितेश जिना कधी उभ्याने उतरत नाही. पाय वाजू नयेत म्हणून बसत बसत येतो. वर्षभर शेजारच्या खुर्चीवरून मी हेच बघत आले होते. निशाणा कमरेपर्यंत खाली आणला. आता हात हलवायची गरजच नव्हती.

जिन्याच्या कडेतून हेल्मेट डोकावलं. माझ्या निशाण्यात, अगदी मधोमध.

एकच गोळी!

कॅफे दणाणला. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवर उभीच राहिले. फळीवरून नितेशचं तोंड वर आलं. "आयला, तू जिना बघत होतीस?"

सुयोग लाल कान घेऊन जवळ आला. "जागा तुझीच गं," म्हणाला.

"माझी आहेच," मी म्हटलं. "मिहिरला तुझी देऊया का, ते बोल."