फिरवलेली बटणं

राजेश्री ढोणेचे हात चुकले ते अगदी पहिल्याच शॉटला. कापायचं बटण तिने न बघता दाबलं आणि पडद्यावर भलतीच खिडकी उघडली. ती बंद करायला गेली तर आख्खा प्रसंग मागे पळाला.

मागे खुर्चीत बसलेल्या निवेदिता मॅडम म्हणाल्या, "एडियस येतं म्हणाला होतात ना?"

"येतं की."

"दिसतंय."

मॅडम मूळच्या सेलूच्या, शिकलेल्या पुण्यात. चुडाव्याच्या स्टेशनावर त्यांनी आपला पहिला चित्रपट चित्रित केला होता. संकलक मध्येच भांडून निघून गेला, म्हणून परभणीत वसमत रोडला खोली घेऊन त्या इथलंच कुणी मिळतं का ते बघत होत्या. राजेश्रीने स्टेशन रोडवरच्या चंद्रभानशेठच्या स्टुडिओत बसून निम्म्या जिल्ह्याच्या लग्नांचे व्हिडिओ कापले होते. संध्याकाळपर्यंत एक प्रसंग कापून दाखवायचा, जमला तर चित्रपट तिचा, असं ठरलं होतं. तिच्यासाठी मॅडमनी मुद्दाम आपल्या मशीनवर एडियस हे संकलनाचं सॉफ्टवेअर घालून घेतलं होतं.

"तुम्ही हेच का वापरता?" त्यांनी सकाळी विचारलं होतं.

"शेठच्या दुकानात हेच होतं."

"सगळ्यांचं तसंच असतं. पहिल्यांदा ज्याच्यासमोर बसवतात तेच गळ्यात पडतं. मला कॉलेजात दुसरं शिकवलं, मी ते वापरते. निवडलंय असं नंतर सांगायचं, एवढंच."

आता मॅडम उठल्या, माऊस हातात घेतला आणि सेटिंगमधली, कुठल्या बटणाला कुठलं काम ते दाखवणारी यादी उघडली. राजेश्रीने ती यादी आजवर पाहिली नव्हती. सेटिंगला हात लावला तर मशीन बसेल, असा शेठचा दम होता, आणि तो तिने इमानाने पाळला होता.

"कंपनीची बटणं जागच्या जागी आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुमचीच कुणीतरी फिरवलेली दिसताहेत. लग्नवाल्यांकडे चालत असेल असलं."

राजेश्री उठली. चप्पल घातली, रिक्षा केली आणि थेट स्टेशन रोड गाठला.

चंद्रभानशेठ कुणाच्या तरी जावळाचा व्हिडिओ कापत होते. मान न वळवताच त्यांनी विचारलं, "या, हिरोईन. तब्येत बरी न्हाई म्हणून सुट्टी घेतली अन् रिक्षानं फिरायलीस?"

"शेठ, बटणं तुमी फिरवलीत का?"

त्यांचा हात थांबला. मग ते हसले. "कळलं का शेवटी? कुणाच्या मशीनवर बसली होतीस?"

"कामून फिरवली ते सांगा."

"महारुद्रामुळं. त्याला धरून धरून शिकवलं. शिकला अन् बेइमान माझ्याच समोर शटर उघडून बसला. माझी गिऱ्हाइकं, माझेच इफेक्ट. तवाच ठरवलं. माझ्याकडं शिकंल ते माझ्याच मशीनवर चालंल, बाहेर गेलं की लुळं."

"म्हणजे आपली पिंकी नांदेडच्या स्टुडिओत गेली होती..."

"परत आली न्हाई का रडत? हातच चालंनात म्हणत?"

आली होती. स्टुडिओतली सगळी तिला हसली होती. मोठी निघाली नांदेड गाजवायला, असं तिच्या तोंडावर बोलली होती ती राजेश्रीच. पिंकीने त्यानंतर कामच सोडलं. आता ती ताडकळसच्या बाजारात बांगड्या विकते, आणि राजेश्री समोरून आली तर तोंड फिरवते.

"शेठ, तुमी पोरीचं वाटोळं केलं."

"दुकान चालवलं. धर्मशाळा न्हाई उघडली." शेठनी आता खुर्ची वळवली. "पिच्चर मिळालाय ना? मला कळालं सगळं. सेटिंगची फाईल देतो पेनड्राइव्हवर, दोन मिनिटांत तुझे हात जाग्यावर येतेत. पण पिच्चरमदी संकलन म्हणून माझं नाव."

"तुमचं? तुमी काय कापलंत?"

"तुला कापलं, घडवलं. ते हात माझे हायत, राजेश्री. तुझं काय हाय त्यात?"

"हात तुमचे असले तर ठेवून घ्या की इथं. बगू एकटे किती लग्नं कापतेत."

"जा मग. संध्याकाळच्या आत रडत येशील. दार उघडंच हाय."

ती वळून निघाली. रिक्षात तिने आठवायचा प्रयत्न केला, कापायला कुठलं बटण, जोडायला कुठलं, आवाज उतरवायला कुठलं. एकही सांगता येईना. डोक्याला ठाऊकच नव्हतं. दुकानातल्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली होती आणि ती शेठच्या पाठीमागे उभी राहून नुसती बोटं बघत शिकली होती.

खोलीवर येऊन तिने कीबोर्डची वायर काढली आणि डोळे मिटून बसली. मनात एक लग्न लावलं. नवरदेव घोड्यावरून उतरला, इथे काप. करवली कॅमेऱ्याकडे बघून लाजली, तेवढं काढून टाक. अक्षता पडल्या, चाल हळू कर. दर वेळी बोट जिथे पडायचं तिथे थांबायची, डोळे उघडून अक्षर बघायची आणि माऊसने सेटिंगमध्ये तेच बटण बसवायची.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"हात शोधायलेय."

"संध्याकाळ व्हायला फार वेळ नाही."

"मग बोलू नका."

मॅडमना असं कुणी बोललेलं नसावं. त्या बाहेर जाऊन बसल्या.

दुपार कलल्यावर राजेश्रीने वायर पुन्हा जोडली आणि ती प्रसंगाला बसली. मुलगा गाडीत चढतो आणि बाप फलाटावर उभा राहतो, एवढाच प्रसंग. आधीच्या संकलकाने बापाचा रडणारा चेहरा मुद्दाम लांबवला होता. राजेश्रीने चेहरा अर्ध्यात कापला आणि सुटणाऱ्या गाडीच्या खिडकीवर गेली. पाठवणीला आई रडायला लागली की कॅमेरा कुठवर ठेवायचा आणि कधी काढायचा, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मॅडमनी प्रसंग पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता. "असं करू. पहिला हात सगळा तुम्ही मारा. मग शेवटचं बघायला पुण्याहून माणूस येईल."

"अन् नाव?"

"नावाचं नंतर बघू. सहाय्यक वगैरे देऊच काहीतरी."

"सकाळी तुमी मनलात, जमलं तर पिक्चर तुमचा."

"बोलताना माणूस बोलतो हो. फेस्टिव्हलला पाठवायचाय मला. तिथे संकलकाचं नाव बघतात. लग्नाचे व्हिडिओ करणारं कुणी..." मॅडमनी वाक्य तिथेच सोडलं.

राजेश्री पडद्याकडे वळली. प्रसंगाच्या शेवटी काळी पट्टी जोडली आणि तिच्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं: संकलन – राजेश्री ढोणे. लग्नाच्या व्हिडिओत वधूवरांची नावं घालायची त्याच सफाईने.

"हे काढा," मॅडम म्हणाल्या.

"पिक्चर माझा असंल तर राहील. नसंल तर मी कापलेला प्रसंग काढा अन् पुण्याच्या माणसाला सांगा पहिल्यापासून कापायला."

"माझ्या मशीनवर मला अटी घालताय?"

"व्हय."

मॅडम पुढे झुकल्या आणि त्यांनी डिलीटचं बटण दाबलं. प्रसंग पुन्हा सुरू झाला. गाडी हलली, बाप फलाटावर उभा राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं, जोरात. बाप मागे राहिला, खिडकी पुढे गेली आणि शेवटी नाव आलं. ते बटण चंद्रभानशेठनी प्रसंग पहिल्यापासून चालू करायला ठेवलं होतं, आणि राजेश्रीनेही ते तसंच बसवलं होतं.

"हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

"माझे हात बसवलेत."

मॅडमनी माऊसकडे हात नेला. माऊसवर राजेश्रीचा हात होता आणि तिने तो काढला नाही. मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या. राजेश्री पडद्याकडे बघत बसून राहिली.

"पुढचा प्रसंग कुठला आहे," शेवटी मॅडमनी दात आवळून विचारलं, "तो तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"लावा," राजेश्री म्हणाली. "नावाला हात न लावता."