तिसऱ्यांदा आत घेतलेली पँट

तोंडात चार टाचण्या धरून आई लेकीच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि पँटची कंबर चिमटीत पकडली. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. मागची शिवण आणखी आत घेतली तर दोन्ही खिसे एकमेकांना टेकणार होते.

"आता यांचं लग्नच लावून टाकू," टाचण्यांमधूनच ती म्हणाली.

एरवी अशा विनोदावर पोट धरून हसणारी पोरगी नुसती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

शिवणकामात आईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. कापड बोटभर सैल झालं तरी तिला लांबून दिसायचं. पण मेली नजर कापडावरच अडकायची. मागच्या दोन्ही वेळी तिने शिवण आत घेतली, टीप मारली आणि वर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगितलं की आमची पोरगी बघा कशी शेलाटी झालीये.

टाचण्या लावून तिने वर पाहिलं. मघाशी "हात वर धर" म्हटल्यापासून लेकीचे हात तसेच वर होते.

"अगं, खाली घे की. दुखत नाहीत?"

"कळत नाही."

आई उठून तिच्यासमोर आली.

"डबा खातेस ना?"

"मैत्रिणीला देते."

"आणि कॉलेज?"

"बसस्टॉपवर बसते. चारपर्यंत." दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी ती बोलत होती. "कुठेही गेलं तरी कोंडल्यासारखं होतं गं. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं."

या वयात कसलं आलंय दुःख, हे अगदी जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. फिटिंगला आलेल्या बाईंना दारातूनच परत पाठवलं आणि दुपारी लेकीला घेऊन ती मनाच्या डॉक्टरांकडे गेली.

"कधीपासून होतंय असं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आईलाच राहवलं नाही.

"दोन महिने तरी झाले. तीनदा पँट आत घेतली हो मी, या हातांनी. मला कसं कळलं नाही?"

"माझ्याकडे पट्टा होता," लेक हळूच म्हणाली. "पट्टा लावून चाललं असतं, आई."

"मग पँट माझ्याकडे कशाला आणायचीस?"

"तुला दिसेल म्हणून."